एकवीस दिवसांची खुर्ची

मेडनहेडमध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशज बायकांचं मंडळ आहे आणि मला त्याची सेक्रेटरी केलंय, असं मी पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, पण तिथे बसून कुणाला चले जाव म्हणता?"

आईला विनोद करायची सवय आहे. आमच्या अध्यक्षा मधुमतीताईंना नाही. मधुमतीताई १९७८ साली डेंटिस्ट नवऱ्याबरोबर इथे आल्या आणि तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला खादीची साडी नेसून इंग्रजांवर नाराज असतात. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांचं इंग्रजांशी उत्तम जमतं. त्यांच्या बागेतल्या गुलाबांना दोनदा बक्षीस मिळालंय.

मंडळाचं पूर्ण नाव 'स्वातंत्र्यसैनिक वंशज भगिनी मंडळ, मेडनहेड शाखा'. मुख्य शाखा पुण्यात आहे. ती पत्रांना उत्तरं देत नाही, म्हणजे मुख्य शाखा असणार हे नक्की. आम्ही अकरा जणी. सभासद व्हायचं तर आजोबा, पणजोबा किंवा आजेसासरे तुरुंगात जाऊन आल्याचे तीन कागद लागतात. सासरची बाजू चालते. अर्चनाच्या माहेरच्या आजोबांना तीन महिने झाले होते आणि आजेसासऱ्यांना चौदा, तेव्हा तिने सासर लावलं. एरवी ती सासरचं नावही काढत नाही.

महिन्यातून एकदा, रविवारी तीन वाजता, कौन्सिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमची मीटिंग असायची. खुर्च्या अर्धवर्तुळात. कुणी कुठे बसायचं हे शिक्षेवर ठरायचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मध्यभागी मधुमतीताई, कारण त्यांच्या आजोबांना दोन वर्षं सात महिने, शिवाय ताम्रपट. शेजारी अर्चना, चौदा महिने. मग अकरा महिने, नऊ महिने अशा बायका उतरत उतरत दाराकडे यायच्या. दाराजवळची खुर्ची माझी. माझ्या आजोबांना फक्त एकवीस दिवस झाले होते. किटलीही तिथेच होती, म्हणून चहा मी करायचे. आणि लॅपटॉप माझाच होता, म्हणून मी सेक्रेटरी.

त्या एकवीस दिवसांबद्दल आधीच सांगून टाकते. माझे आजोबा, पद्माकर दिघे, बेचाळीस साली एकोणीस वर्षांचे होते. साताऱ्यात सायकलचं पंक्चर काढून परत येताना त्यांना मोर्चा दिसला. नीट दिसावं म्हणून ते एका भिंतीवर चढले. पोलीस आले तेव्हा खालचे पळाले आणि भिंतीवरचे उतरता उतरता सापडले. झालं, एकवीस दिवस. पुढे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी नगरपालिकेने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, पेपरात फोटो आला. जेलमधून सुटल्याची चिठ्ठी, सत्काराचं प्रमाणपत्र आणि पेपरातलं कात्रण: तीन कागद पूर्ण. सगळे अस्सल. भिंतीबद्दल त्यांत काही नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतः आजोबांनीच सांगितलं होतं, हसत हसत. "अगं, मी बघायला गेलो होतो."

दोन हजार सातचा मार्च होता. स्वातंत्र्याला साठ वर्षं होणार म्हणून मधुमतीताईंच्या डोक्यात मोठा कार्यक्रम शिजत होता. मेयरला बोलवायचं, पोवाडा, वरणभात, सगळं. आम्ही सामोशांवर चर्चा करत होतो, एवढ्यात दार उघडून एक उंच, सत्तरीच्या इंग्रज बाई आत आल्या. अंगात करडा कार्डिगन, हातात निळी फाइल.

हॉलचं हीटिंग बिघडल्याची तक्रार मी आदल्याच दिवशी केली होती. कौन्सिल इतकी तत्पर झाली याचं मला कौतुक वाटलं. मी त्यांना रेडिएटर दाखवला.

"नाही, नाही," बाई म्हणाल्या. "मी मेंबर व्हायला आलेय. लायब्ररीत तुमची नोटीस वाचली. मी हिलरी प्राउस."

हे सगळं अर्थातच इंग्रजीत. त्यांनी फाइलमधून फॉर्म काढला. तोच फॉर्म, जो आमच्यातल्या निम्म्या बायकांनी पेन्सिलीने भरला होता आणि मागच्या बाजूला किराणा लिहिला होता. हिलरीबाईंचा काळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड नसलेला. पूर्वजाचं नाव: आर्थर प्राउस, आजोबा. व्यवसाय: नगरकडच्या एका मिशनच्या छापखान्यात मुख्य मुद्रक. गुन्हा: सन १९३२, बंदी घातलेलं काँग्रेसचं बुलेटिन छापणे. शिक्षा: सहा महिने सक्तमजुरी. सोबत कोर्टाचा निकाल, सुटकेचा कागद आणि मिशनने नोकरीवरून काढल्याचं पत्र. तिन्ही मूळ प्रती, प्लास्टिकच्या कव्हरात.

सामोसे गार होत होते.

"सहा महिने," मधुमतीताई शेवटी म्हणाल्या, आणि मी बघितलं की त्यांची नजर नकळत खुर्च्यांवरून फिरली. सहा महिने म्हणजे वरून पाचवी खुर्ची. तिच्यानंतर आमच्या सहा जणी बसल्या होत्या. त्या सहाही जणी एकदम ताठ झाल्या.

"थँक यू, मिस प्राउस," ताई गोड हसून म्हणाल्या. "कमिटी विचार करेल." गुलाबांच्या परीक्षकांशी बोलताना त्या असंच हसत असणार.

बाई चहा घेऊन, स्वतःचा कप स्वतः विसळून गेल्या. दार लागलं मात्र, आणि साठ वर्षांपूर्वी गेलेले इंग्रज पुन्हा आल्यासारखा गोंधळ उडाला.

"हे म्हणजे अतीच झालं!" अर्चना म्हणाली. "यांनीच आपल्या माणसांना आत टाकलं, आणि आता यांनाच मेंबरशिप?"

"हिच्या आजोबांनाही यांनीच आत टाकलं," मी म्हणाले.

"तू चहा बघ," अर्चना म्हणाली.

मग तीन मीटिंगा फक्त या विषयावर झाल्या. पंधरा ऑगस्ट जवळ येत होता, मेयरला पत्र गेलेलं नव्हतं, पण घटनादुरुस्ती जोरात चालू होती. पहिली सूचना मधुमतीताईंची. "सभासद भारतीय नागरिक असावी, एवढं कलम घाला. प्रश्न मिटला."

मी टाइप करायला घेतलं. मग लक्षात आलं की कुणीच अनुमोदन देत नाहीये. अर्चना पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बेसिंगस्टोकहून येणारी एक जण छताकडे बघत होती. अकरापैकी आठ जणींकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, ताईंकडे तर १९८५ पासून. मला स्वतःला सप्टेंबरात टाउन हॉलमध्ये शपथ घ्यायची होती. राणी, तिचे वारस आणि वंशज यांच्याशी एकनिष्ठ राहीन, अशी ती शपथ असते. म्हणजे वंशजांचं महत्त्व तिकडेही आहेच. त्या दिवसापुरत्या शुद्ध भारतीय अशा आम्ही तिघी होतो, आणि तिघीही ब्रिटिश पासपोर्टच्या रांगेत उभ्या होतो.

"लिहू का, ताई?" मी विचारलं.

"तात्त्विक चर्चा होती गं ती," ताई म्हणाल्या. "तात्त्विक चर्चा लिहायची नसते."

दुसरी सूचना अर्चनाची. सभासदाला अस्खलित मराठी यायला हवं. ही सर्वांना आवडली, कारण हिलरीबाईंना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्या दिवशी मधुमतीताईंची मुलगी मीनल ब्रिस्टलहून आली होती. मीनल इथेच जन्मली, सॉलिसिटर आहे, आणि आईच्या आग्रहाखातर मंडळाची अकरावी सभासद आहे. तिने हात वर केला.

"आई, मग माझी नाव पण काढावा लागेल. मला कुठे नीट येतो मराठी?"

"तुझं वेगळं आहे," ताई म्हणाल्या.

"वेगळा कसा? आणि सीरियसली, तुम्ही हे लिहू नका. हॉल कौन्सिलचा आहे ना? फुकट देतात ना? त्याचा कंडिशन आहे, ओपन टु ऑल. रेस बघून कुणाला नाही म्हटलं तर लीगल प्रॉब्लेम होईल."

"रेस कुठे बघतोय आपण?" अर्चना दुखावून म्हणाली. "आपण फक्त ती गोरी आहे एवढंच बघतोय."

मीनलने डोळे मिटून घेतले. "प्लीज, हे मिनिट्समध्ये घालू नका."

शेवटी मधुमतीताईंनी मला बाजूला घेतलं. "अक्षया, तू टेस्टिंगमध्ये आहेस ना? चुका काढायचाच पगार घेतेस. तिच्या घरी जा. कागद नीट तपास. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे कागद, काहीतरी निघेलच. तारीख, सही, काहीही."

मी गेले. नाही म्हणायचं मला जमत नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे.

हिलरीबाईंचा छोटासा बंगला रेल्वेच्या पुलापलीकडे होता. त्या एका शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाल्या होत्या आणि एकट्याच राहत होत्या. त्यांनी मला किचनच्या टेबलाशी बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली आणि फाइल पुढे केली. मी तारखा बघितल्या, सह्या बघितल्या. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष काही माझ्या हाती आलं नव्हतं.

"आणखी एक कागद आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या फॉर्ममध्ये तीनच मागितले होते, म्हणून आणला नाही."

चार घड्या घातलेला, तपकिरी पडलेला मोठा कागद त्यांनी टेबलावर अलगद उलगडला. मराठीत छापलेला होता. अक्षरांचे खिळे झिजलेले, शाई कुठे दाट, कुठे फिकी. समासात लाल शाईने दुरुस्त्या होत्या. ते बुलेटिनचं प्रूफ होतं.

"या कागदानेच ते अडकले," हिलरीबाई म्हणाल्या. "कोर्टात आजोबा म्हणाले, मला मराठी वाचता येत नाही, काय छापतोय ते मला ठाऊक नव्हतं. मिशननेही तेच सांगितलं. सुटलेही असते. मग सरकारी वकिलाने हा कागद काढला. लाल शाईचं अक्षर त्यांचं होतं."

मी वाकून बघितलं. कंपोझिटरने 'सत्याग्रहि' जुळवलं होतं. लाल शाईने शेवटची वेलांटी खोडून दीर्घ केली होती. खाली आणखी दोन ठिकाणी तसंच. ज्याला वाचता येत नाही, तो ऱ्हस्वाचं दीर्घ करेल कशाला? मला हसू आलं, मग लक्षात आलं. माणूस ऱ्हस्व-दीर्घासाठी सहा महिने खडी फोडून आला होता. आमच्या मंडळाच्या बॅनरवर गेली चार वर्षं 'स्वातंत्र्यसैनीक' लिहिलेलं आहे आणि कुणाच्या डोळ्याला खुपलेलं नाही.

"घरी त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांचं ते प्रकरण, एवढंच म्हणायचे. मेडनहेडला परत आल्यावर त्यांना पुन्हा मुद्रकाचं काम मिळालं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा हे माळ्यावर सापडलं. खरं सांगू? मला मेंबरशिपचं काही नाही. पण हे कुणाकडून तरी वाचून घ्यायचं होतं. कुणाला विचारावं कळेना. तुमची नोटीस बघितली, वाटलं, या बायकांना येत असेल."

आम्ही चार महिने घटना दुरुस्त करत होतो आणि बाईंना फक्त एक कागद वाचून हवा होता.

मी मोठ्याने वाचलं. आधी मराठीत, मग एकेक ओळ इंग्रजीत. त्यात थोर असं काही नव्हतं. आठवड्यात पकडलेल्यांची नावं, गावं, शिक्षा. 'यमुनाबाई, वय साठ, तीन महिने.' येत्या मंगळवारी प्रभातफेरी कुठून निघेल. पोलिसांनी लाठी उगारली तरी हात उचलू नये. कुणाच्या घरी जेवणाची सोय आहे. आणि शेवटी, 'वाचून झाल्यावर पुढच्यास द्यावे.'

हिलरीबाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "पुन्हा वाचाल? नुसतं मराठीत?"

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी प्रत्येक नाव सावकाश, सुटं सुटं वाचलं. का ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. कदाचित त्या साठ वर्षांच्या बाईमुळे असेल.

मग त्यांनी माझ्या आजोबांबद्दल विचारलं. मंडळात चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, फक्त दिवस मोजले होते. मी सांगून टाकलं. पंक्चर, मोर्चा, भिंत, सगळं. वाटलं, बाई हसतील. त्या हसल्याही. मग म्हणाल्या, "पण एकोणीस वर्षांचा पोरगा, नुसता बघत होता, तर त्याला सोडून का नाही दिलं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो किस्सा विनोद म्हणून मनात ठेवला होता, पुढचं विचारायचं सुचलंच नव्हतं.

घरी येऊन आईला फोन लावला.

"सोडत होते की," आई म्हणाली. "भिंतीवरून तिघांना धरलं होतं. माफी लिहून द्या आणि घरी जा म्हणाले. बाकीच्या दोघांनी दिली, संध्याकाळी जेवायला घरी. अण्णा म्हणाले, मी काही केलंच नाही, तर माफी कसली मागू? बसले एकवीस दिवस. हट्टी होते, दुसरं काय. तुझ्या पणजीने नंतर महिनाभर अबोला धरला होता. का गं, आज काय एकदम?"

"काही नाही," मी म्हणाले. माझा नवरा सतीश सोफ्यावरून बघत होता. त्याला म्हटलं, "आजोबा बघायला गेले होते ते खरं, पण बसले मात्र स्वतःच्या मर्जीने." तो म्हणाला, "तू रडतेयस का?" मी म्हटलं, कांदा चिरतेय. हातात फोन होता.

जुलैच्या मीटिंगमध्ये मी रिपोर्ट दिला. "कागद तपासले. चूक नाही."

"एकही नाही?" मधुमतीताई म्हणाल्या.

"उलट त्यांच्या आजोबांनी आपल्या लोकांच्या तीन चुका दुरुस्त केल्यात." आणि मी प्रुफाची गोष्ट सांगितली. बेसिंगस्टोकवाली पुढे सरकून ऐकत होती. मीनलने तर चक्क टाळी वाजवली. पण ताई अध्यक्षा होत्या आणि अध्यक्षांना मार्ग काढावाच लागतो. त्यांनी 'सहयोगी सभासद' नावाचा प्रकार तिथल्या तिथे निर्माण केला. सहयोगी सभासदाला मत नसतं, खुर्ची मुख्य अर्धवर्तुळाच्या मागे असते आणि कामात मात्र तिने सहयोग करायचा असतो. अगदी अशीच व्यवस्था पूर्वी कुणीतरी आपल्या देशात केली होती, पण मी ते मिनिट्समध्ये घातलं नाही.

हिलरीबाईंनी आनंदाने मान्य केलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मेयरच्या ऑफिसला फोन केला. ज्या पत्राचा मसुदा आम्ही जानेवारीपासून करत होतो, ते काम चार मिनिटांत झालं. हॉलचं हीटिंगही दुरुस्त झालं, ऑगस्टमध्ये.

पंधरा ऑगस्टला कार्यक्रम दणक्यात झाला. मधुमतीताईंनी खादी नेसली होती, ताम्रपटाचा फोटो फ्रेम करून टेबलावर ठेवला होता आणि चौदा मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. मेयर आले, सामोसे खाल्ले. स्थानिक पेपरची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. ताईंच्या भाषणात ती दोनदा घड्याळाकडे बघताना मला दिसली. मग कुणीतरी तिला मागच्या खुर्चीवरच्या बाईंची गोष्ट सांगितली. कुणी ते मी सांगणार नाही. माझ्याजवळ किटली होती आणि ती चहा मागायला आली होती, इतकंच.

शुक्रवारी पेपर आला. पान पाचवर अर्ध्या पानाचा फोटो. मधोमध तो तपकिरी कागद धरलेल्या हिलरीबाई, शेजारी मेयर, आणि मागे आम्ही अकरा जणी दात दाखवत. मथळा होता, 'भारताच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला आपल्या गावचा मुद्रक'. फोटोखाली लिहिलं होतं, 'हिलरी प्राउस आणि मैत्रिणी'.

दोन वर्षं सात महिने आणि ताम्रपट, पण पेपरच्या लेखी मधुमतीताई होत्या 'मैत्रिणी'तल्या डावीकडून तिसऱ्या.

त्यांचा फोन सकाळी साडेआठला आला. मला वाटलं, आता बाईंना काढून टाकायचा ठराव लिहायला सांगतात. पण ताई काही अशाच तीस वर्षं समाजकार्यात टिकल्या नाहीत. "अक्षया, पुढच्या मीटिंगचा अजेंडा घे. हिलरीला पूर्ण सभासद करायचं. मीच सूचना मांडणार. पेपरवाल्या मुलीला कळव. आणि या वेळी फोटोत मी तिच्या शेजारी असेन, असं बघ."

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठराव एकमताने मंजूर झाला. ताईंनी हिलरीबाईंना 'आमच्या लाडक्या भगिनी' म्हटलं. अर्चनाने अनुमोदन दिलं आणि आपला कसा पहिल्यापासून पाठिंबा होता हे सांगितलं. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर मी उभी राहिले.

"मला माझ्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती करायचीय," मी म्हणाले. भिंतीची गोष्ट सांगितली, माफीची सांगितली, काहीच वगळलं नाही. "हे चालत नसेल तर मी राजीनामा देते."

अर्चना हळूच म्हणाली, "पण हे असं लिहून द्यायची काय गरज आहे?" तिचा चेहरा उतरला होता. त्यानंतर आठवडाभराने तिचा मला फोन आला. आजेसासऱ्यांचे चौदा महिने नक्की कशासाठी होते हे सासूबाईंना विचारू की नको, असं ती विचारत होती. मी म्हटलं, विचार. तिने अजून विचारलेलं नाही.

मधुमतीताई मात्र व्यवहाराचं बोलल्या. "मग हे एकवीस दिवस धरायचे की नाही?"

"एक दिवस कमी करा," मीनल म्हणाली. "पहिला दिवस फक्त बघायची होती ना."

सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. मग त्यांनी या प्रश्नावर उपसमिती नेमली, आणि उपसमितीचं इतिवृत्त लिहायला सेक्रेटरी लागणार म्हणून माझा राजीनामा फेटाळला.

मी शपथ घेतली त्या दिवशी टाउन हॉलमध्ये सतीशबरोबर हिलरीबाई आल्या होत्या. राणीच्या फोटोखाली उभं राहून मी शब्द म्हटले. वाईट वाटलं नाही, अभिमानही वाटला नाही. बूट चावत होते. बाहेर आल्यावर हिलरीबाईंनी विचारलं, "आता मला मराठी शिकवायला कधी सुरुवात करतेस?"

तेव्हापासून दर बुधवारी त्या आमच्याकडे येतात. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, आता त्या बुलेटिनच्या पहिल्या कॉलमवर आहेत. बोट ठेवून एकेक नाव वाचतात. गावांची नावं त्यांना जड जातात, 'ळ' तर अजिबात येत नाही. परवा एका नावाशी पाच मिनिटं झटापट चालली होती. मी सांगायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"थांब," त्या मराठीत म्हणाल्या. "मी वाचते."